रिकामी पिकअप आणि वजनदार गवा

एका जंगलात, बाळांनो, एक घाट होता. त्या घाटातून खेमाजी अस्वल आपली जुनी पिकअप चालवायचा. सकाळी फणस भरून बाजाराला, दुपारी रिकाम्या गाडीनं घरी.

भरलेली गाडी गुणाची. रिकामी झाली की मात्र तिच्या अंगात यायचं. ब्रेकला नुसता पाय लावला, की मागची चाकं जागीच जाम व्हायची आणि गाडीचं बूड दरीकडे सरकायचं. खेमाजीची पाचावर धारण बसायची.

तो राजाकडे गेला. सिंहमहाराज म्हणाले, "मागे वजन हवं. आमचा मेव्हणा बसेल."

मेव्हणा गवा होता. सिंहाचा मेव्हणा गवा कसा, असं दरबारात विचारत नाहीत. तुम्हीही विचारू नका.

गवा बसला आणि गाडी सरळ थांबू लागली. गव्याला 'वजनाधिकारी' हा हुद्दा मिळाला. पण बाजाराला जाताना अर्धी गाडी तोच अडवायचा, आणि उरलेल्या अर्धीतले फणस वाटेत खायचा.

"अहो, घरी फणस कुजतायत आणि तुम्ही त्या गव्याला हवा खायला नेताय!" खेमाजीची बायको कडाडली. "साळूबाईला दाखवा की गाडी!"

साळूबाई साळिंदर म्हणजे जंगलातली मेस्त्री. ती गाडीखाली शिरली आणि तिथूनच म्हणाली, "दाजी, हितं मागं एक दांडी असती. गाडीत ओझं किती, ते ती ब्रेकला सांगती. गंजून अडकलीया बघा. गाडी रिकामी झाली, हे तिला कळतच न्हाई."

तिनं दांडी सोडवली, ग्रीस लावलं. झालं!

दुसऱ्या दिवशी खेमाजी एकटाच रिकामी गाडी घेऊन घाट उतरला. गाडी रेषेत थांबली. स्टिअरिंगवर डोकं टेकून तो आनंदानं रडला.

संध्याकाळी दरबारातून बोलावणं आलं. गवा मुसमुसत होता. "मग आता मी काय करू?"

महाराज गंभीर झाले. "खेमाजी, सरकारी वजन असताना खासगी दुरुस्ती? दांडी होती तशी करा."

खेमाजीनं घरी येऊन दांडी तारेनं आवळून टाकली.

"दाजी, जिवावर बेतंल," साळूबाई म्हणाली.

"बेतेल गं. पण दरबाराशी कोण भांडणार?"

पुढच्याच आठवड्यात गवा रजा टाकून भाचीच्या लग्नाला गेला. त्या दुपारी रिकामी गाडी वळणावर फिरली आणि दरीत कोसळली. खेमाजी करवंदीच्या जाळीत अडकला म्हणून वाचला. एक पाय मात्र कायमचा गेला.

चौकशी समिती दरीत उतरली. साळूबाईनं तार दाखवली. समितीनं ती नीट पाहिली आणि अहवालात लिहिलं : एक गवा अपुरा पडतो. रजेच्या दिवसांसाठी दुसरा नेमावा.

तात्पर्य : बिघाड दिसला की दुरुस्तीला धावू नये. आधी त्याच्यावर कोण बसलंय ते पाहावं, आणि त्याला एक उशी नेऊन द्यावी.