बसून पाहायची चित्रं

आमच्या बालाघाटच्या कलादालनात चित्रं बसून पाहावी लागत. उभ्यानं पाहणाऱ्याच्या वाट्याला नुसता पांढरा चुना यायचा, कारण सगळी चित्रं कमरेच्याही खाली टांगलेली. नवा माणूस दारात थबकायचा, खिळे निसटले की काय म्हणून वर बघायचा. मग कोपऱ्यातून आवाज यायचा, "बसा ना जी आधी. उभ्यानं काहून पाहता? इन्स्पेक्शनले आले का?"

हे मेश्राम सर. वारासिवनीच्या शाळेतून निवृत्त झालेले ड्रॉइंग मास्तर. उंची सहा फुटांच्या वर, अंगावर लेंगा आणि लांब बाह्यांचा सदरा, आणि खिशात कायम एक सुतळी. मी त्या कलादालनाचा बाबू. ही गोष्ट पंच्याऐंशी-शहाऐंशीची, गावात नुकते टीव्ही आले होते तेव्हाची. माणसं फुकटात हलती चित्रं पाहू लागली होती, आणि आम्ही दोघं न हलणाऱ्या एकवीस चित्रांची राखण करत बसलो होतो.

कलादालन तरी कसलं? कुणा शौकीन साहेबांनी जुन्या जकात नाक्याची लांब खोली रंगवून घेतली, इकडून तिकडून चित्रं जमवली, फीत कापली आणि तीन महिन्यांत त्यांची बदली झाली. चित्रं मागे राहिली. त्यांची हजेरी घ्यायला नगरपालिकेनं मला जन्म-मृत्यूच्या खात्यातून उचलून तिथं टाकलं. माझी तिथली खुर्ची पंख्याखाली होती आणि लोक स्वतःहून यायचे. इथं पंखा नव्हता, आणि लोकांना आणायला मेश्राम सर बसस्टँडवर जायचे.

"परसवाड्याची बस आहे न तुमची? सुटाले टाइम आहे. चाला, तवरक बसा. पाणी आहे, सावली आहे, टाटपट्टी आहे."

चित्रांचं नाव काढायचे नाहीत. बाजाराला आलेली माणसं थैल्या घेऊन यायची, शाळेतल्यासारख्या त्या तागाच्या पट्टीवर बसायची, पाणी प्यायची, आणि मान वर केली की नाकासमोर चित्र. पळायला वाव नसे.

तेवढं असतं तरी चाललं असतं. पण सर मलाही बसवायचे. "बाबू, तुमी बी बसा. पाहुणा एकटा बसला का लाजते." माझी कंबर त्या वयातच कामातून गेली होती. दिवसाला वीस वेळा बसायचं आणि भिंतीला धरून वीस वेळा उठायचं. घरी बायको विचारायची, "ऑफिसात करता तरी काय तुम्ही?" मी सांगायचो, "उठतो आणि बसतो." तिला ती थट्टा वाटायची.

चित्राबद्दल सरांनी कधी कुणाला काही समजावून सांगितल्याचं मला आठवत नाही. ते फक्त एक प्रश्न विचारायचे. जंगलाच्या कडेनं गाई चालल्या आहेत, असं एक चित्र होतं. त्याच्यासमोर बसलेल्या दोन शेतकऱ्यांना त्यांनी विचारलं, "या चित्रात किती वाजले असन जी?" एक म्हणाला पाच, गाई घरी निघाल्या. दुसरा म्हणाला, धूळ कुठं उडून राह्यली, ही सकाळ आहे. मग सावल्या मोजून झाल्या, गाईंची पोटं भरलेली की रिकामी यावर बोलणं आलं, आणि दोघांचीही बस चुकली. सरांना कोण आनंद! "तीन घंटे एका चित्रावर, बाबू! शाळेत पोट्टे तीन मिनिटं बसत नव्हते." मी तीन घंटे त्या दोघांशेजारी बसून होतो, याचं कौतुक मात्र कुणाला नव्हतं.

कॉलेजचा एक मुलगा एकदा म्हणाला, "सर, इसका मतलब क्या है?" सर म्हणाले, "मतलब पेपर में पूछेंगे. तुम बैठो पहले."

चित्रांच्या उंचीचा हिशोब त्या सुतळीत होता. सुतळीला एकच गाठ. एक टोक पायाच्या अंगठ्याखाली दाबायचं, दुसरं भिंतीवर ताणून धरायचं, आणि गाठ येईल तिथं चित्राचा मध्य. मी ऑफिसातून मोजायची टेप आणून दिली, तर म्हणाले, "टेपले काय समजते, बाबू?" आणि टेपनं खिडकी बांधून टाकली, वाऱ्यानं आपटत होती म्हणून.

एका दुपारी मी जेवून परत आलो तर सर नुसते उसळत होते. आमच्याकडं भाताच्या रोवणीचं, म्हणजे लावणीचं, एक मोठं चित्र होतं, जबलपूरच्या कुणा चित्रकाराचं. चिखलात वाकलेल्या सात बाया, मागे हिरव्यागार ओळी.

"चूक आहे, बाबू! कटंगीकडच्या एका बाईनं सांगतलं. रोवणा करताना बाई मांगं मांगं सरकते. या तं पुढं चालून राह्यल्या. म्हणजे चिखलातून आल्या कुठून? आपलाच रोवणा तुडवून आल्या!"

मी म्हटलं, "कोण बाई? मले नाई दिसली."

"गेली थे. तुमी जेवाले गेलते."

सरांनी चित्रकाराला पोस्टकार्ड टाकलं. उत्तर आलं नाही. मग त्यांनी चित्राखाली चिठ्ठी लावली, "इस चित्र में एक गलती है. बैठकर ढूँढिए." त्यानंतर त्या चित्रापुढं टाटपट्टी कमी पडू लागली. निर्दोष वीस चित्रांना मिळून जेवढे लोक येत नव्हते, तेवढे त्या एका चुकीला येऊ लागले.

सरांचा आणखी एक हट्ट होता, तो म्हणजे माझं जेवण. एकाच्या ठोक्याला ते दार लोटून घ्यायचे आणि मला हाकलायचे. "बाबू, घरी जा. गरम जेवा." एकदा उन्हाचा कंटाळा करून मी डबा आणला, तर त्यांचा चेहरा असा पडला की मी डबा सायकलला अडकवून घरी नेला आणि घरी बसून तोच गार डबा खाल्ला. सरांना दुपारी ताणून द्यायची सवय असावी, असं मी धरून चाललो होतो.

आणि मग भोपाळहून साहेब येणार, अशी बातमी आली. कलादालन चालू ठेवायचं की खोली फवारणीचे पंप ठेवायला द्यायची, हे ते ठरवणार होते. नगरपालिकेच्या मोठ्या साहेबांनी मला बोलावून घेतलं. "पहले तस्वीरें ऊपर करवाओ. साहब क्या ज़मीन पर लोटेंगे?"

खरं सांगतो, मला बरं वाटलं. पंप आले तर मी पुन्हा पंख्याखाली जाणार होतो. आणि पंप आले नाहीत तरी निदान चित्रं वर जाणार होती. सरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "पाहू ना जी," आणि दोन दिवस वारासिवनीला शाळेच्या कार्यक्रमाला निघून गेले. ते गेले त्याच दिवशी मी शिपायाला घेऊन एकवीसच्या एकवीस चित्रं वर टांगली. मग खोलीत एक चक्कर मारली, ताठ, हात मागे बांधून. कंबर एकदाही बोलली नाही.

सोमवारी सर आले. दारात उभे राहिले. मला वाटलं, आता ओरडतील. त्यांनी खिशातून सुतळी काढली, भिंतीकडं पाहिलं आणि सुतळी परत खिशात ठेवली. सकाळभर कुणाला बसा म्हणाले नाहीत. एक वाजला तेव्हा फक्त म्हणाले, "बाबू, जा."

अर्ध्या वाटेत माझ्या लक्षात आलं की चष्मा टेबलावर राहिला. परत आलो तर मागच्या दाराशी सायकलरिक्षा उभी होती. मी पुढचं दार ढकललं.

टाटपट्टीवर पन्नाशीची एक बाई बसली होती. तिच्यासमोर मेश्राम सर मांडी घालून बसले होते, आणि खाली काढलेलं रोवणीचं चित्र त्यांनी तिच्या डोळ्यांसमोर दोन्ही हातांनी धरलं होतं. ते केवढं जड होतं ते मला ठाऊक होतं. शिपायानं आणि मी दोघांनी मिळून ते वर चढवलं होतं.

"पुरे ना जी. हात दुखन तुमचे," ती म्हणत होती.

"सतरा राह्यले अजून."

मला पाहताच तिनं लुगडं पायांवर ओढलं आणि दोन्ही हातांवर जोर देऊन बसल्या बसल्या मागच्या दाराकडं सरकायला लागली. पाय नुसते ओढले जात होते.

"थांब शेवंता. आपला बाबू आहे," सर म्हणाले. मग माझ्याकडं वळून, "आमच्या घरच्या. माहेर कटंगीकडचं."

सरांच्या लग्नाच्या चौथ्या वर्षी वहिनींना ताप आला आणि कमरेखालचं सगळं गेलं, हे मला त्या दुपारी कळलं. मी विचारलं, "मग दुपारच्याला का? लोक असताना का नाही येत?"

त्या खाली बघत म्हणाल्या, "चार लोकं असले का चित्र राहते बाजूले, भाऊ. मलेच पाहतात."

"म्हणून तं सगळ्याइले बसवतो," सर म्हणाले. "सगळेच बसले असले, मंग कोणाले समजते कोण उठू शकते अन् कोण नाई? म्हटलं, एक दिवस ही बी गर्दीत येऊन बसन."

"पाच वर्सं झाले, हेच म्हणून राह्यले. मी काही येत नाई."

मला माझी लाज वाटली. दुसरा शब्द नाही. मी म्हटलं, "सर, सुतळी द्या."

सरांनी एक टोक वहिनींच्या शेजारी जमिनीवर धरलं आणि सुतळी वर ताणली. गाठ बरोबर त्यांच्या डोळ्यांशी आली. "पाहा. म्हातारी झाली, पण उंची नाई घटली."

"काही बी बोलता," वहिनी म्हणाल्या, पण हलल्या नाहीत.

त्या दिवशी मी जेवलोच नाही. एकवीस चित्रं खाली आणली. कंबर पुढचे चार दिवस मला शिव्या देत होती.

साहेब गुरुवारी यायचे होते. सकाळीच मी रिक्षा घेऊन सरांच्या घरी गेलो. वहिनी नाहीच म्हणाल्या. मी म्हटलं, "वहिनी, साहेब चूक विचारतील. सर ड्रॉइंग मास्तर, त्यांनी जन्मात रोवणी केली नाही. चुकीचं सांगितलं तर खोलीत पंप येतील." हे त्यांना पटलं असावं. लोक यायच्या तासभर आधीच त्या रोवणीच्या चित्रासमोर जाऊन बसल्या. त्यानंतर बसस्टँडवर मी स्वतः गेलो. "चाला, तवरक बसा," म्हणताना माझा आवाज मलाच ओळखू येईना. खोली भरली.

बाराला भोपाळचे साहेब आले. जाडजूड, दोन दिवस जीपमध्ये हादरून पार आंबलेले. नगरपालिकेच्या साहेबांनी भिंती पाहिल्या आणि माझ्याकडं असं बघितलं की मी जन्म-मृत्यूच्या खात्यात परत गेलोच, पण नोंदवला जाण्यासाठी. तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला, "बैठिये पहले, साहब. खड़े-खड़े तो इन्स्पेक्शन होता है."

बोलून गेल्यावर सरांनी जीभ चावली. भोपाळच्या साहेबांनी क्षणभर टाटपट्टीकडं पाहिलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून ते हळूहळू खाली गेले, आणि बसल्यावर त्यांच्या तोंडून जो सुस्कारा निघाला तो मी जन्मभर ओळखीन. तोही कंबरवालाच माणूस होता. ते बसले म्हणून आमचे साहेबही बसले.

साहेबांनी चिठ्ठी वाचली. "गलती? कहाँ है?" त्यांनी शोधली, आमच्या साहेबांनी शोधली. एकानं आकाश चुकलं म्हटलं, एकानं बायांची संख्या. मग बायकांमधून आवाज आला.

"साहब, ये बाइयाँ आगे चल रही हैं. रोपा तो पीछे सरक-सरक के लगाते हैं. ये तो अपना लगाया खूँद के आई हैं."

साहेब मोठ्यानं हसले. सगळी खोली हसली. "आपने लगाया है कभी?"

"हौ साहब, बहुत लगाया," वहिनी म्हणाल्या.

तीस-चाळीस माणसं होती, आणि त्यांच्याकडं कुणीही बघत नव्हतं. सगळे त्या सात बायांचे पाय बघत होते. फक्त मेश्राम सर चित्राकडं बघत नव्हते.

चाळीस मिनिटांनी आम्ही दोघांनी मिळून साहेबांना उठवलं. साहेब उठले म्हणून रिवाजाप्रमाणे खोलीतली सगळी माणसं उठून उभी राहिली. वहिनी तेवढ्या बसलेल्या. आमच्या साहेबांच्या कपाळाला आठी पडली, "अरे, उठिए..." सरांनी डोळे मिटले.

भोपाळच्या साहेबांनी हातानं थांबवलं. "बैठने दीजिए. देख रही हैं."

जाताना त्यांनी भेटवहीत लिहिलं, "दर्शक इतने मग्न कि अधिकारी के उठने पर भी नहीं उठे. कला-वीथिका चालू रखी जाए."

माणसं आपापल्या बसकडं गेली. सरांनी दार लोटून घेतलं आणि वहिनींशेजारी येऊन बसले. वहिनी अजून चित्रच पाहत होत्या. पंखा गेला, खुर्ची गेली, माझी पुढची कित्येक वर्षं आता या टाटपट्टीवर जाणार होती. मी चष्मा घेतला आणि सवयीनं सायकलची किल्ली चाचपली. एक वाजून गेला होता. घरी जा, गरम जेवा, असं त्या दिवशी सर म्हणाले नाहीत. ते थोडे बाजूला सरकले, आणि मी बसलो.