ज़रा तेज़वालं खत

विश्वासराव रेल्वेत इंजिनिअर, त्यामुळे गुलाबालाही सूत्र लावता येतं अशी त्यांची खात्री होती. युरिया घाला, फूल घ्या! पद्माबाईंचा जीव मात्र गांडूळखतावर.

"अहो, तुमचा युरिया म्हणजे झाडाला सलाइन. माझं खत म्हणजे घरचं जेवण."

"घरच्या जेवणावर कुणाचा पहिला नंबर आलाय?"

झालं, पैज लागली. लखनौतल्या भाड्याच्या घराच्या गच्चीवर दोघांचा एकेक गुलाब. ज्याचा आधी फुलेल, त्याचं खत गच्चीवर चालणार. आणि हरणाऱ्याने मराठी मंडळाच्या सभेत उभं राहून "मला बागेतलं काही कळत नाही" असं जाहीर करायचं. विश्वासरावांनी त्यापेक्षा पेन्शन सोडली असती.

आणि नेमकी कळी धरली ती पद्माबाईंच्या गुलाबाला. विश्वासरावांच्या कुंडीत ढिम्म काही हलेना. त्यातच बरेलीचा दौरा निघाला. तिथे रेस्टहाऊसवर त्यांना घास गिळवेना. जादा युरियाने झाड जळतं, एवढं ज्ञान त्यांना होतं. शेवटी लाज गुंडाळून ठेवून त्यांनी रिझवीसाहेबांना फोन लावला. निवृत्त उर्दू शिक्षक, बागेचे शौकीन, आणि गच्चीला गच्ची लागून.

"रिझवी साहब, एक काम था. पद्मा के गुलाब में चुपके से खत डाल दीजिए. ज़रा तेज़वाला."

पलीकडून अगदी मऊ आवाजात, "आपकी तरफ़ से?"

"हाँ, पर उसने देखना नहीं चाहिए. और कंजूसी मत कीजिए."

"तौबा! ऐसे काम में कंजूसी?"

विश्वासराव परतले तेव्हा पद्माबाई दारातच उभ्या होत्या. डोळे भरलेले. गुलाब गेला, असं समजून विश्वासरावांनी दुःखी चेहरा तयार केला.

"अहो, हे काय या वयात!" त्यांनी एक घडी घातलेला कागद पुढे केला. "कुंडीत सापडलं. रिझवीसाहेबांना विचारलं, तर म्हणाले, आपके मियाँ ने डलवाया है."

विश्वासरावांनी वाचलं. 'जिन हाथों से मिट्टी महक उठे, उन्हीं हाथों का ग़ुलाम, विश्वास.' अशी चांगली दोन पानं होती. लखनौत खत म्हणजे पत्र, आणि कुंडीत घालतात ती खाद, हे त्यांच्या डोक्यात आत्ता शिरलं. खरं सांगावं तर विषप्रयोगाचा गुन्हा, गप्प राहावं तर प्रेमाचा. त्यांनी दुसरा पत्करला.

"सुचलं आपलं," ते पुटपुटले.

पद्माबाईंना हुंदकाच फुटला. "तुम्ही इतके चांगले, आणि मी मेली... अहो, तुमच्या युरियाच्या डब्यात मी साबुदाणा भरून ठेवलाय. महिना झाला, तुमचा गुलाब उपवासालाच आहे!"

विश्वासरावांच्या जिभेवर चांगले सणसणीत चार शब्द आले होते. पण पत्रातला विश्वास असं कधी बोलला नसता. ते गिळून ते म्हणाले,

"असू दे गं."