साडूंची बॅटरी आणि शिट्टीकाकांचा हेडलॅम्प

साडूंनी कमरेच्या पट्ट्याला अडकवलेल्या म्यानातून ती बॅटरी काढून टेबलावर उभी केली, तेव्हा शिट्टीकाकांनी चहाचा कप अर्धाच बशीत ठेवला. बॅटरी केवढी, तर मधल्या बोटाएवढी. काळी कुळकुळीत, अंगावर बारीक खाचा, तोंडाला टोकदार कडं.

"या कड्यानं काच फुटते," साडू म्हणाले. "गाडीत अडकलात तर एक ठोसा, की बाहेर! पाण्यात पडली तरी चालते. अन् उजेड बघायचाय?"

बघायचाय असं कुणी म्हटलं नव्हतं, पण त्यांनी बटण दाबलं. लांबलचक बोळकांडीच्या टोकाला, जिथे भर दुपारीही अंधार असे, तिथली कोळ्याची जाळी लख्ख उजळली. तिसऱ्या मजल्यावरची अख्खी कचेरी "वा!" म्हणाली. शिट्टीकाकांनी तेवढ्यात आवक-जावकची वही उघडली आणि कालच लिहून झालेली एक ओळ पुन्हा गिरवायला घेतली.

साडू म्हणजे त्यांच्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. हा माणूस लग्न झाल्यापासून शिट्टीकाकांच्या पुढेच होता. बढती त्यांना आधी मिळाली, मोठं घर त्यांनी आधी घेतलं, पन्नाशी उलटली तरी केसही त्यांच्याच डोक्यावर शाबूत होते. शिट्टीकाकांना घरी रोज एका तरी वाक्यात "ताईकडे बघा" हे शब्द ऐकावे लागत. सहा महिन्यांपूर्वी साडूंची बदली याच इमारतीत, बरोबर एक मजला खाली झाली. मजला खालचा आहे एवढंच काय ते समाधान.

पण एक गोष्ट साडूंकडे नव्हती. शिट्टीकाका अकरा वर्षं तिसऱ्या मजल्याचे आपत्कालीन वॉर्डन होते. आग, भूकंप, काहीही होवो, मजला रिकामा करायचा तो शिट्टीकाकांनीच. त्यांच्या गळ्यात शिट्टी आणि हातात तीन सेलची स्टीलची बॅटरी असे. ती मांडीवर दोनदा आपटल्याशिवाय लागत नसे, पण लागली की तिच्यामागे चौतीस माणसं मुकाट्यानं चालत. साहेबसुद्धा! वर्षातली तेवढी पंधरा मिनिटं साहेब शिट्टीकाकांच्या मागे असत, आणि उरलेलं वर्ष शिट्टीकाका त्या पंधरा मिनिटांवर काढत.

आता इमारतीचे मुख्य वॉर्डन निवृत्त होणार होते. त्यांच्या जागी कोण, ते यंदाचा सराव पाहून अग्निशमन दलाचे अधिकारी ठरवणार होते. मुख्य वॉर्डनला पिवळं हेल्मेट मिळे आणि खाली दारात, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी, नावाची पाटी लागे. त्या पाटीचा विचार करत शिट्टीकाकांनी अकरा वर्षं काढली होती. आणि ऐन वेळी साडू दुसऱ्या मजल्याचे वॉर्डन होऊन, कमरेला म्यान लावून उभे!

"भाऊजींची नवी बॅटरी पाहिली का?" संध्याकाळी बायकोनं विचारलं. "ताई सांगत होती, अर्धा मैल उजेड जातो म्हणे."

"अर्धा मैल लांब बघायचंय काय त्यांना? जिना वीस पावलांचा आहे."

"तुम्हाला मेलं कुणाचं चांगलं बघवतच नाही."

हे खरं असल्यामुळे शिट्टीकाका फार चिडले आणि चपला घालून तडक दुकानात गेले.

दुकानदारानं त्यांना बोटाएवढ्या चार बॅटऱ्या दाखवल्या. पण तसलीच घेतली तर साडूंची नक्कल केली असं झालं असतं. त्यांना वरचढ काहीतरी हवं होतं.

"मग हा हेडलॅम्प घ्या काका," दुकानदार म्हणाला. "डोक्याला पट्टा बांधायचा, हात मोकळे. डोंगर चढणारे, गुहेत उतरणारे हाच वापरतात. आणि याला बटण दाबायची पण गरज नाही. कपाळासमोरून नुसता हात फिरवा, की पांढरा उजेड. परत फिरवा, लाल. परत फिरवा, बंद."

"बटणच नाही?"

"आहे ना, पण त्याला कोण विचारतो? हातमोजे घातलेले असले, हात भरलेला असला, तर बटण शोधत बसणार का?"

साडूंना बटण दाबावं लागतं, या एका विचारानं शिट्टीकाकांचा ऊर भरून आला. शिवाय पांढरा, लाल आणि बंद, हे तर त्यांच्या स्वतःच्याच नियमातलं होतं. तिसऱ्या मजल्यावर जिन्याच्या तोंडाशी त्यांच्याच वळणदार अक्षरातला फलक होता: पांढरा दिवा, उतरत राहा. लाल दिवा, हा जिना बंद, उलट फिरा आणि दुसऱ्या जिन्याने जा. दिवा नाही, आहात तिथे कठडा धरून उभे राहा. आतापर्यंत लाल दाखवायचा म्हणजे बॅटरीच्या तोंडावर लाल कागद ताणून रबरबँड लावावं लागे. आता नुसता हात फिरवायचा!

फलकावर एक चौथा नियमही होता, दोनदा अधोरेखित केलेला: दिव्याचे ऐका, माणसाचे ऐकू नका. "घाबरला की माणूस तोंडानं वाट्टेल ते ओरडतो," शिट्टीकाका दर सरावाआधी समजावत. "मी जरी ओरडलो तरी लक्ष देऊ नका. दिवा सांगेल तेच खरं." मजल्यावरच्या मंडळींनी अकरा वर्षांत हे इतकं घोकलं होतं की झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवतील.

घरी त्यांनी न्हाणीघरात दार लावून तालीम केली. हात फिरवला, पांढरा. फिरवला, लाल. फिरवला, बंद. बायकोनं दारावर थाप मारून विचारलं, "आत काय चाललंय?" तेव्हा ते तसेच पट्टा बांधून बाहेर आले.

"कसा दिसतो?"

"खाणीतनं वर आल्यासारखे," ती म्हणाली, आणि पुन्हा कामाला लागली.

सरावाच्या दिवशी अकराच्या ठोक्याला भोंगा वाजला. नियमाप्रमाणे इमारतीची वीज बंद केली गेली आणि मागचा जिना, ज्याला औषधालासुद्धा खिडकी नव्हती, काळोखात बुडाला. शिट्टीकाकांनी शिट्टी फुंकली. कपाळासमोरून ऐटीत हात फिरवला. पांढरा शुभ्र उजेड जिनाभर पसरला आणि मागून कुणीतरी "वा, काका!" म्हणालं. हे साडूंना ऐकू जायला हवं होतं, असं त्यांना फार वाटलं.

ते पुढे होऊन अर्धा जिना उतरले आणि मधल्या चौकात वळून उभे राहिले. त्यांच्यामागे आस्थापनेच्या बाई, बाईंमागे साहेब, साहेबांमागे बाकीचे बत्तीस जण, एका रांगेत, डावा हात कठड्यावर. सगळं कसं शिस्तीत. शिट्टीकाका आता उत्साहानं ओरडले, "चला, चला, चला!" आणि अकरा वर्षांच्या सवयीनं उजवा हात डोक्यावर नेऊन जोरात खाली फिरवला.

दिवा लाल झाला.

आस्थापनेच्या बाई थबकल्या. मग मागे वळून खणखणीत आवाजात म्हणाल्या, "लाल! उलट फिरा!" चौतीस माणसं जागच्या जागी वळली आणि शांतपणे वर चढू लागली.

"अहो, इकडे! इकडे!" शिट्टीकाकांनी हात केला. दिवा बंद झाला. पावलं थांबली. काळोखात चौतीस हात कठड्यावर घट्ट झाल्याचा आवाज आला.

"थांबलात काय? खाली या!" त्यांनी अंधारात पुन्हा हात केला. पांढरा. रांग वळली आणि उतरू लागली. हायसं वाटून त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. लाल. रांग वळली आणि चढू लागली.

"बाई! अहो बाई, लाल नाहीये तो! म्हणजे आहे, पण तसा नाही! उतरा!"

"काका ओरडतायत," रांगेत कुणीतरी कुजबुजलं.

"लक्ष देऊ नका," आस्थापनेच्या बाई म्हणाल्या. "दिव्याकडे बघा."

"मी सांगतोय ना!"

"तुम्हीच सांगितलंय, तुमचं ऐकायचं नाही म्हणून!" साहेब वरून म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, कर्तव्य होतं.

आता शिट्टीकाकांच्या ध्यानात आलं की घोटाळा हाताचा आहे. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधले. पण दिवा होता लाल, आणि तो पांढरा करायचा तर हात फिरवायला हवा, तोही मोजून दोनदा. त्यांनी एकदा फिरवला. बंद. रांग थांबली. दुसऱ्यांदा फिरवला. पांढरा. रांग वळली. आता बोटसुद्धा हलवायचं नाही, असं ठरवून ते पुतळ्यासारखे उभे राहिले. बाई चार पायऱ्या उतरल्या. सहा उतरल्या. साहेब दिसू लागले. तेवढ्यात घामानं ओला झालेला पट्टा कपाळावरून घसरून नाकावर आला, आणि शिट्टीकाकांचा हात आपोआप वर गेला.

"लाल!" बाई म्हणाल्या. "आता मात्र जिना नक्कीच बंद दिसतोय. चला हो, पुढच्या जिन्यानं."

शिट्टीकाकांनी पट्टाच डोक्यावरून ओढून काढला. तो लाल दिवा घेऊन ते त्यांच्यामागे पळत सुटले, आणि मागून लाल दिवा पळत येतोय हे पाहून रांगेचा वेग वाढला. बोळकांडी ओलांडून चौतीस माणसं पुढच्या जिन्यावर पोचली. तिथे बोटाएवढ्या बॅटरीचा झगझगीत उजेड पाडत साडू उभे होते.

"या, या," साडू म्हणाले. "सांभाळून उतरा. ही पायरी जरा झिजलीय."

खाली पटांगणात शिट्टीकाका सगळ्यांच्या शेवटी आले. त्यांच्या हातात अजून लालच दिवा होता, पण उन्हात तो कुणाला दिसत नव्हता. आपली अख्खी कचेरी साडूंच्या उजेडात उतरली, यापुढे आयुष्यात काही उरलं नाही, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं. दारावरची ती पाटी, तिच्यावरचं साडूंचं नाव, आणि आपण रोज सकाळी तिच्याखालून मान खाली घालून आत जातोय, हे सगळं त्यांच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं.

अग्निशमन दलाच्या अधिकाऱ्यांनी हातातला कागद पाहिला. "मागच्या जिन्याचे वॉर्डन कोण?"

शिट्टीकाका मेल्याहून मेल्यासारखे पुढे झाले.

"माझा माणूस आत कोपऱ्यात उभा होता. त्याने सांगितलं, तुम्ही उतरता उतरता मधेच जिना बंद केलात. तीन वेळा! अंधार केलात, खोट्या आरोळ्या दिल्यात, आणि तरी चौतीसपैकी एकानंही धक्काबुक्की केली नाही की दिवा सोडून तुमच्या ओरडण्याला कुणी भुललं नाही. अशी परीक्षा घ्यायची कल्पना कुणाची?"

"ते..." शिट्टीकाका म्हणाले, "ते आपोआपच झालं."

"दुसऱ्या मजल्याची एकोणीस माणसं उतरली, पण पाच जण वरच सापडले. दोघं फोनवर होते, तिघं बॅटरी हातात घेऊन बघायला मिळेल का म्हणून जिन्यातच घुटमळत होते." अधिकाऱ्यांनी पिवळं हेल्मेट उचलून शिट्टीकाकांच्या डोक्यावर ठेवलं. ते कानांपर्यंत खाली आलं.

संध्याकाळी साडू आणि ताई अभिनंदनाला घरी आले. साडू कोचाच्या टोकावर बसले होते. ते हसत होते, पण हसू ओठांच्या कोपऱ्यात शिवल्यासारखं होतं. ते हसू शिट्टीकाकांनी लगेच ओळखलं, कारण वीस वर्षं त्यांनी ते आरशात पाहिलं होतं. त्यांना साडूंची दया आली. इतकी, की त्यांनी खरं सांगून टाकायचं ठरवलं.

"साडूसाहेब, मनाला लावून घेऊ नका. मी काही परीक्षाबिरीक्षा घेतली नाही. तो दिवा हात हलवला की बदलतो. मी सवयीनं हात हलवत होतो, एवढंच."

 साडूंचा चेहरा आणखी उतरला.

"बघा!" ताई नवऱ्याला म्हणाली. "एवढं करून वर म्हणतात, चुकून झालं. नाहीतर तुम्ही! बोटाएवढी बॅटरी घेतली तर गावभर दाखवत फिरलात."

"अहो ताई, खरंच चुकून झालं," शिट्टीकाका कळवळून म्हणाले. "घाम पुसला तर लाल झाला."

"शिका जरा," ताई म्हणाली. साडूंनी चहाचा कप तसाच खाली ठेवला. शिट्टीकाकांच्या बायकोनं नवऱ्याकडे पाहिलं. असं ती लग्नाच्या दिवसानंतर पहिल्यांदाच पाहत होती.

शिट्टीकाकांनी मग पट्टा घसरल्याचं सांगितलं, तेही खरं होतं. साडू कोचात थोडे खचले. लाल दिवा घेऊन आपणच माणसांमागे पळत होतो, हे सांगितलं. साडूंनी रुमाल काढला. खरं बोलण्यात एवढं सुख असतं हे शिट्टीकाकांना आयुष्यात आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. ते आरामात मागे रेलून बसले, घसा खाकरला आणि म्हणाले, "तसं नाही हो साडूसाहेब, मी तुम्हाला पहिल्यापासून नीट सांगतो."