क्रमवारबाईंची ना-हरकत

गोफण या संगणकभाषेच्या चौथ्या आवृत्तीतून काढून टाकलेली आज्ञा सोमवारी साडेदहाला कार्यालयात आली आणि दाराजवळच्या बाकावर बसली. नाव क्रमवार. तेवीस वर्षं तिने लोकांच्या याद्या लावल्या होत्या. काढलेल्या आज्ञेची ना-हरकत सही झाल्याशिवाय नवी आवृत्ती बाहेर पडत नसे. नियमच तसा होता.

सही घ्यायचं काम मृणाल दाबकेकडे आलं, कारण आवृत्तीसोबत जाणारं बदलांचं टिपण तिचं होतं. टिपण चाळीस पानांचं. पहिली अडतीस पानं आनंद आणि अभिमान कळवण्यातच गेली होती. क्रमवारबाई एकोणचाळिसाव्या पानावर, अगदी तळाशी होत्या.

“‘किरकोळ सुधारणा : क्रमवारच्या जागी झटपट,’” बाईंनी चष्मा लावून वाचलं. “किरकोळ कोण गं, मी?”

“तसं नाही, बाई. सगळ्यालाच किरकोळ म्हणायची पद्धत आहे. झटपट चौपट वेगाने यादी लावतो.”

“लावू दे की. पण दोघांना सारखे गुण पडले तर?”

मृणालने आत जाऊन झटपटला विचारलं. तो म्हणाला, “हाताला येईल त्याला वर टाकतो. सारखेच तर असतात!”

“मी नाही गं असं कधी केलं,” मृणालने बाहेर येऊन ते सांगितल्यावर बाई म्हणाल्या. “गुण सारखे, तर जो आधी आला तो आधी. एवढं लिही, लगेच सही देते.”

मृणालला स्वतःच्या टिपणाची लाज वाटली. तिने लिहिलं : ‘सावधान. सारखे गुण असलेल्यांचा आधीचा क्रम यापुढे टिकणार नाही.’ बाईंनी सही केली, खाली तारीख घातली.

विभागप्रमुख हर्डीकरांनी वाक्य वाचून कपाळाला हात लावला. “दाबके, लग्नपत्रिकेत नवऱ्या मुलाचा मधुमेह छापतात का? काढा हे.”

“सर, बाईंनी या वाक्यासाठी सही दिलीय.”

“सही पानावर आहे. पान राहू द्या, वाक्य काढा.”

मृणालने काढलं. गरज सरो, वैद्य मरो हे तिला शाळेतच शिकवलं होतं. वैद्याची सही आधी घेऊन ठेवायची, हे हर्डीकरांनी शिकवलं.

शुक्रवारी आवृत्ती निघाली, पेढे वाटले. बाईंना शाल-श्रीफळ दिलं आणि त्यांच्या जाण्याने न भरून येणारी पोकळी निर्माण झाल्याचं हर्डीकर वीस मिनिटं सांगत होते. बाई शाल पांघरून पुन्हा बाकावर जाऊन बसल्या. का, ते कुणी विचारलं नाही.

पुढच्या महिन्यात टिपणं लिहिणाऱ्या दोघांपैकी एकालाच ठेवायचं ठरलं. मृणालची नऊ वर्षं झाली होती; केदार गेल्या दिवाळीनंतर लागला होता. कामाचे गुण दोघांनाही ब्याऐंशी. यादी झटपटने लावली. केदार वर आला.

“सर, मी आधी आले होते,” मृणाल म्हणाली.

हर्डीकरांनी टिपणाचं एकोणचाळिसावं पान उघडून तिच्यापुढे सरकवलं. “आधी येण्याबद्दल यात काहीच नाही, दाबके. टिपण तुमचंच आहे.” मग त्यांनी एक कागद काढला. ‘किरकोळ सुधारणा : दाबके यांच्या जागी केदार.’ खाली ना-हरकतीची जागा कोरी होती.

मृणालने सही केली, डबा पिशवीत टाकला आणि बाहेर आली. बाकावर बाई होत्या. तिला रडूच फुटलं.

“बाई, ते वाक्य मी काढलं.”

“वाचलं मी,” बाई म्हणाल्या आणि शाल आवरून घेतली. “बस. पण पलीकडे. मी आधी आलेय.”