दोन थापा म्हणजे चला

जंगलू बहिणीच्या लग्नाला गेला आणि तानबाच्या ट्रकला क्लीनर उरला नाही, एवढंच खरं तर झालं होतं. पण रुईच्या गाठी अहमदाबादला न्यायच्या होत्या. आता कसं करावं म्हणून अल्लीपूरच्या घरात खल चालू असताना चुलीपाशी बसलेली नवी सून अन्नपूर्णा म्हणाली, "मी येतो."

हे तिला दोनदा म्हणावं लागलं. पहिल्यांदा कुणाला ऐकूच गेलं नाही. तिचा आवाज सासरी अजून फारसा कुणी ऐकला नव्हता, त्यामुळे दुसऱ्यांदा ऐकल्यावरही सासूबाईंनी आधी मागे वळून दुसरं कोणी आहे का ते पाहिलं.

अन्नपूर्णेचंही चूक नव्हतं. लग्न झाल्यापासून तिने नवऱ्याच्या तोंडापेक्षा त्याच्या ट्रकचं मागचं फळकंच जास्त पाहिलं होतं, आणि तेही दर वेळी लहान लहान होत जाताना.

"पुलगावच्या रेल्वेफाटकावरून एष्टीनं वापस येते का नाई, पाह्यजो तू!" सासू देवकाबाई लेकाला म्हणाल्या.

"येऊ दे व माय एक खेप," तानबा म्हणाला. "जमलं तं पुढंबी येईन. नाई तं जंगलू आहेच."

मग देवकाबाईंनी ड्रायव्हरच्या मागच्या झोपायच्या फळीला जुन्या लुगड्याचा पडदा लावून दिला. "गावोगाव सोयरे बसले आहेत. नवी सून खिडकीत दिसली तं नाक कापल्या जाईन माहं!" म्हणजे वस्ती आली की अन्नपूर्णेने पडद्याआड जायचं आणि वस्ती संपली की पुढे यायचं. (वर्ध्यापर्यंत तिची इतकी जा-ये झाली, की ती अहमदाबादला निम्मी चालतच जाणार असं वाटायला लागलं.)

क्लीनरचं काम तसं सोपं. गाडीला मागून एक थाप म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. वर्ध्याला चहाच्या टपरीपाशी गाडी मागे घेताना अन्नपूर्णेने वेळेवर एक थाप मारलीसुद्धा. पण तान्ह्या बाळाला निजवताना मारतात तशी. टपरीवाल्याचा पाण्याचा ड्रम आडवा झाला आणि बाकावरची माणसं कपबशा सांभाळत घोटाभर पाण्यात उभी राहिली.

"अवं, लाकूड आहे ते! त्याले लागत नाई!" तानबा कपाळ धरून ओरडला. "जोरानं मारत जा ना! राहू दे, अहमदाबादहून आलो का तू घरीच राह्य."

अन्नपूर्णा काही बोलली नाही. काही न बोलणं तिला फार सुरेख जमायचं. समोरच्या माणसाला त्याचे हवे तितके अर्थ काढत बसता यायचे.

देवळीच्या पुढे एका विहिरीपाशी गाडी थांबली. तानबाने इंजिनात पाणी घातलं आणि स्टिअरिंगपुढे बसून बिडी पेटवली. अन्नपूर्णा पडद्याआडची गोधडी घेऊन मागे गेली. रस्त्याच्या धुळीने गोधडी भरली होती. तिने ती दोन्ही हातांनी धरली, "घरीच राह्य" हे शब्द आठवले, आणि गाडीच्या मागच्या फळक्यावर आपटली. धप्प! धप्प!

काय थाप बसली होती! जंगलूच्या बापजन्मात बसली नसती. गाडी तत्काळ सुरू झाली आणि निघून गेली.

अन्नपूर्णेने हाक मारायला तोंड उघडलं. पण नवऱ्याचं नाव घ्यायचं नव्हतं, आणि "अहो" ती असं काय जोरात म्हणणार! ट्रकचं फळकं ओळखीचंच होतं. ते लहान लहान होत गेलं.

थोड्या वेळाने एष्टी आली. अन्नपूर्णेने रस्त्यात उभं राहून गोधडी हलवली. एष्टी थांबली.

"काय झालं बाई?" कंडक्टर म्हणाला. "इथं काऊन उभ्या तुमी?"

"आमचा ट्रक पुढं गेला."

"ट्रक कोनाचा?"

"आमच्या घरच्यायचा."

"नवऱ्यानं सोडून देल्लं का काय?"

"सोडलं नाई," अन्नपूर्णा शांतपणे म्हणाली. "इसरले."

सगळी एष्टी पुलगावपर्यंत हसत होती, पण तिला खिडकीची जागा मिळाली.

पुलगावला फाटक नुकतंच उघडलं होतं आणि दोन्ही बाजूंच्या गाड्या एकदम घुसून नाकाला नाक लावून उभ्या होत्या. मधोमध तानबाचा ट्रक. तो थोडा मागे सरकला की सगळं मोकळं होणार होतं. पण मागे नाली होती, आणि तानबा स्टिअरिंग सोडून पडद्याशी बोलत होता.

"अवं, उतर ना! मागं पाह्य जरासं."

पडदा गप्प.

"त्या ड्रमचं मनाले लावून घेतलं काय? चुकलंच माहं. पुढच्या खेपेले येजो."

पडदा गप्प. मागून भोंग्यांचा गजर सुरू झाला. समोरचा बैलबंडीवाला खाली उतरून पडद्याला हात जोडू लागला. "बाई, झालं गेलं जाऊ द्या. माहे बैल उन्हात उभे आहेत!"

"बरं, दर खेपेले येजो!" तानबा रडकुंडीला आला. "या चार लोकायसमोर सांगतो! जंगलूले दुसरी गाडी पाहून देतो! आता तं उतर!"

एष्टीतून उतरून अन्नपूर्णा कधीची खिडकीखालीच उभी होती. मघाच बोलली असती, पण माणूस बोलत असताना मध्ये तोंड घालू नये असं तिला माहेरी शिकवलं होतं. आता त्याचं बोलणं पूर्ण झालं होतं. तिने दारावर एक थाप मारली.

तानबाने खाली पाहिलं. मग पडद्याकडे पाहिलं. मग पुन्हा खाली.

"तू... उतरली कवा?"

"देवळीपाशी."

पदर खोचून ती मागे गेली. दोन थापा. गाडी मागे. एक थाप. चाक नालीपासून वीतभर अलीकडे. मग बंडीवाल्याला हात, एष्टीला हात, आणि बघता बघता फाटक मोकळं झालं. कंडक्टर दारात लटकून ओरडला, "वा बाई! दर खेपेले जाजो!" अन्नपूर्णा गोधडी खांद्यावर टाकून ट्रकमध्ये चढली, ती पुढच्या सीटवर बसली आणि पडदा तिने गुंडाळून ठेवला. अहमदाबाद येऊन गेलं तरी तो तसाच होता. शब्दाला जागून तानबाने जंगलूला वडनेरच्या एका गाडीवर लावून दिलं.

देवकाबाईंनी ही सगळी हकिगत दोनदा ऐकली आणि पुढच्या खेपेला गाठोडं घेऊन गाडीपाशी येऊन उभ्या राहिल्या. "एवढं सोपं असन तं मले बडनेऱ्याले लेकीकडे सोडून द्या."

सासू आली म्हटल्यावर पडदा पुन्हा खाली आला. देवकाबाई खिडकीत बसल्या. "मले बुढीले कोन पाह्यते!" अन्नपूर्णा पडद्याआड गेली.

देवळीच्या पुढे, त्याच विहिरीपाशी, गाडी थांबली. अन्नपूर्णा उतरली, टायर पाहिले, दोर ओढून पाहिला. देवकाबाई वरून सगळं नीट न्याहाळत होत्या. शिकायला त्या सुनेहून तरबेज. दोर आवळून झालेला दिसला, तशा त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि दारावर खणखणीत दोन थापा मारल्या.

गाडी निघाली.

अन्नपूर्णा खालीच होती. आणि या वेळी एष्टीपुढे हलवायची गोधडीही गाडीत होती.