शहात्तरावे नाना

रोहितच्या लग्नपत्रिकेतली नावं हातानं नाही, कोडनं लावायची, असा निर्णय सोमनाथ डेर्लेनं एका रविवारी दुसऱ्या चहाच्या वेळी घेतला. निर्णय तसा लहानच होता. सोमनाथचे सगळे निर्णय लहानच असतात. मोठे त्याची बायको निकिता घेते आणि त्याला नंतर कळवते.

रोहित हा त्याचा धाकटा भाऊ. सोमनाथ स्वतः सातपूरच्या एका कंपनीत स्टोअरला क्लार्क. नवे साहेब एका मीटिंगमध्ये सहज म्हणाले की पुढच्या काळात ज्याला कोडिंग येईल तोच टिकेल, आणि साहेब ते विसरूनही गेले, पण सोमनाथनं त्याच दिवशी ‘एकवीस दिवसांत पायथन’ हा फुकटचा कोर्स सुरू केला. घरात कॉम्प्युटर नव्हता. मुलीच्या ऑनलाइन शाळेसाठी घेतलेला टॅब होता, एका कोपऱ्यात तडा गेलेला. त्यात त्यानं कोड लिहायचं अ‍ॅप टाकलं, टॅब साखरेच्या डब्याला टेकवला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर शिक्षण सुरू झालं. त्या टॅबच्या कीबोर्डला ओळीचं पहिलं अक्षर आपणहून कॅपिटल करायची खोड होती आणि पायथनला ते खपत नव्हतं. पहिले चार दिवस सोमनाथनं फक्त ते अक्षर पुन्हा लहान करण्यात घालवले. (कोर्सच्या हिशेबानं तो रविवार विसावा दिवस होता. सोमनाथच्या हिशेबानं सहावा.)

आता पत्रिकेचं असं, की त्यांच्याकडच्या पत्रिकेत नवरा-नवरी चार ओळींत उरकतात. खाली ‘आपले नम्र’ म्हणून भाऊबंदांची नावं असतात, आणि पत्रिका वाचायला लोक तिथून सुरुवात करतात. कोण कितव्या नंबरवर आहे यावर लग्नाला कोण येणार, कोण रुसणार आणि कोण येऊनही जेवणार नाही हे ठरतं. रोहितच्या पत्रिकेत अशी एकशे त्रेसष्ट नावं होती.

त्यातलं जपायचं नाव एकच, वाल्मीकनानांचं. नाना म्हणजे थोरले चुलते, राहणार सायखेडा. वडील गेले तेव्हा सोमनाथ नववीत होता आणि रोहित जेमतेम चालायला लागला होता. पुढं दोघांना नानांनीच वाढवलं. सोमनाथ नाशिकला कॉलेजला होता तेव्हा रोज पहाटे गावच्या एसटी स्टँडवर जाऊन कंडक्टरच्या हाती डबा देणारे नानाच. सोमनाथचा त्यांच्यावर जीव होता, आणि तितकीच त्यांची धास्तीही होती, कारण नाना मानाच्या बाबतीत फार हळवे. चांदवडला एका पुतणीच्या लग्नात त्यांना फेटा दुसऱ्या नंबरावर बांधला म्हणून ते मांडवातून तसेच परत फिरले होते. त्या पुतणीला आता दोन मुलं आहेत, पण नाना अजून तिच्या घरी गेलेले नाहीत. रोहितनं तर सांगूनच टाकलं होतं, “नाना नसतील तर मी बोहल्यावर चढणार नाही, दादा.”

तर सोमनाथनं प्रत्येक नावापुढं मानाचा आकडा टाकायचा ठरवलं. आकडे निकितानं सांगितले, कारण ते तिलाच माहीत होते. एक नंबर आजी, चंद्रभागाबाई. दोन नंबर नाना. असं करत ती भाजी निवडता निवडता सांगत गेली आणि गोटीरामवर येऊन थांबली.

गोटीराम नानांच्या शेताशेजारचा भाऊबंद. बांधावरच्या बाभळीवरून दोघांचं अकरा वर्षं बोलणं बंद होतं. बाभूळ मधल्या काळात वाळून पडली, अबोला तसाच राहिला.

“त्याचं नाव गाळून टाकू का?” सोमनाथनं विचारलं.

“गाळलं तर गाव बोलेल. शंभरावर टाका. नानांचं वाचन काही पन्नासच्या पुढं जात नाही.”

गोटीराम शंभरावर गेला. कोड अकरा ओळींचा झाला. आधी पहिली नऊच नावं घालून सोमनाथनं तो चालवून बघितला. आजी, नाना, त्यांच्याखाली बाकीचे सात, सगळे जिथल्या तिथं. त्यानं निकिताला बोलावून दाखवलं, शेजारच्यांना बोलावून दाखवलं. मग सगळी एकशे त्रेसष्ट नावं घालून कोड पुन्हा चालवला आणि जे आलं ते न वाचताच छापखान्यातल्या हर्षलला पाठवून दिलं. नवांचं बरोबर आलं तर बाकीच्यांनी काय घोडं मारलंय, असा त्याचा विचार होता.

सोमवारी हर्षलनं मोबाइलवर प्रूफ पाठवलं. स्टोअरमध्ये तेव्हा माल उतरत होता. सोमनाथनं वरची ओळ पाहिली, आजीचं नाव पाहिलं आणि अंगठा पाठवला. दोन दिवसांत सातशे पत्रिका छापून झाल्या. सायखेड्याचा गठ्ठा रोहितनं छापखान्यातूनच उचलला आणि गावात घरोघर देऊन तो पुढं सासुरवाडीला गेला. नवरदेवानं स्वतःची पत्रिका वाचायची पद्धत नाही, त्यामुळं त्यानंही ती वाचली नाही.

नानांना मात्र पत्रिका जोडीनं जाऊन, नारळ देऊन द्यायची असते. गुरुवारी सोमनाथ आणि निकिता मोटरसायकलवर निघाले. वाटेत तो पेट्रोल भरत होता तेवढ्यात निकितानं पिशवीतली पत्रिका काढली.

“अहो, नाना कुठं आहेत?”

“घरीच असतील या वेळी.”

“पत्रिकेत कुठं आहेत?”

“दुसरे.”

“दुसरे तुमचे मामा आहेत. तिसरे कोण आहेत माहितीये? गोटीराम.”

सोमनाथनं पत्रिका हातात घेतली. पेट्रोलवाला पैसे मागत होता, मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवत होता आणि सोमनाथ बोट ठेवून नावं मोजत होता. नाना शहात्तरावे निघाले. त्यांच्या वर एक ड्रायव्हर होता, कळवणचे दोन दूरचे साडू होते आणि ज्याला कुणीच ओळखत नव्हतं असा कुणी मंगळू होता.

“परत फिरू या का?” तो म्हणाला.

“गावात पत्रिका कालच वाटून झाल्या. आता फिरून कुठं जाणार? चला,” निकिता म्हणाली आणि पत्रिका पिशवीत टाकून मागं बसली. नाना लग्नाला येणार नाहीत, रोहित बोहल्यावर चढणार नाही, आणि हे सगळं आपल्या अकरा ओळींनी केलं, एवढंच वाटभर सोमनाथच्या डोक्यात फिरत होतं.

नाना अंगणात बाजेवर बसले होते. चष्मा डोळ्यांवर, पत्रिका हातात, तीही शेजारच्या घरून मागून आणलेली. आणि समोर खुर्चीत बशीनं चहा पीत गोटीराम बसला होता.

सोमनाथ नारळ धरून तसाच उभा राहिला.

“ये सोमनाथ,” गोटीरामच बोलला. “तुझ्या चुलत्यानं आज मला लाजवलं बघ. अकरा वर्सं मी या मानसाला बोललो नाय, आन यानं सोता मागं सरून मला तिसरा मान दिला. आख्खं गाव बघाया लागलंय. मग म्हनलं, आता बसून राहनं बरं नाय. आलो निघून.”

नाना पत्रिकेकडं बघत राहिले. मग त्यांनी चष्म्यावरून सोमनाथकडं पाहिलं. ती नजर सोमनाथला नववीपासून ओळखीची होती.

“मीच म्हनलो सोमनाथला,” नाना सावकाश म्हणाले. “म्हनलं, आपलं काय, आपन घरचेच हाय. कुठं बी टाक.”

गोटीरामनं डोळे पुसले आणि आणखी अर्धा कप चहा घेतला. तो गेल्यावर नानांनी सोमनाथला बाजेवर बसवलं.

“आता खरं बोल. मला शहात्तरावर कुनी नेलं?”

सोमनाथनं पिशवीतून टॅब काढला. (तो का बरोबर आणला होता हे त्यालाही सांगता आलं नसतं.) “नाना, तुमचा आकडा दोनच होता. पण मी आकडे आकडे म्हणून दिले नाहीत, मजकूर म्हणून दिले. मग हा त्यांना शब्दांसारखं, पहिल्या अक्षरावरून लावतो. आधी एकच्या आकड्यानं सुरू होणारे सगळे घेतो. एक, मग दहा, मग शंभर, एकशे एक, एकशे दोन. ते संपले की दोन.”

“म्हंजे याला शंभर आधी आन दोन मागून?”

“हो.”

“नऊ जनांत कळलं नाय तुला?”

“नऊ जणांत बरोबर आलं होतं, नाना.”

“याला शिकवलं कुनी असं?”

“मीच.”

नानांनी टॅब हातात घेतला, उलटा करून पाहिला, तड्यावरून अंगठा फिरवला आणि परत दिला. “लग्नाला येतो मी,” ते म्हणाले. “पन हे यंत्राचं गावात कुनाला बोलायचं नाय. गोटीरामला तर मरेस्तोवर नाय.”

सोमनाथला एकदम रडू फुटलं. पत्रिका गेली खड्ड्यात, नाना येणार होते. निकितानं त्याच्या हातातला नारळ काढून घेतला आणि रीतीप्रमाणं नानांना दिला.

लग्न दिंडोरी रोडच्या कार्यालयात झालं. नाना पहिल्या रांगेत, शेजारी गोटीराम, दोघांनाही फेटे एकदमच बांधले. येईल तो नानांच्या मोठ्या मनाचं कौतुक करत होता. कळवणच्या साडूंनी तर जाहीर केलं की आमच्या पुढच्या पत्रिकेत आम्ही शेवटी राहणार, आणि शेवटचा नंबर कुणाचा यावरून तिथंच त्यांची थोडी बोलाचाली झाली. सोमनाथनं एव्हाना कोड दुरुस्त केला होता. एकाच शब्दाची दुरुस्ती होती. ती त्यानं चार जणांना दाखवायचा प्रयत्न केला, पण पंगती बसत होत्या.

जेवणाआधी नानांनी त्याला खुणेनं जवळ बोलावलं. मांडीवर पत्रिका उघडी होती.

“काय रं, एवढं सगळं केलंस, पन तू यात कितवा?”

सोमनाथ वाकून बघू लागला. नानांनी वरून बोट धरलं, त्यानं खालून. मध्ये कुठंतरी बोटाला बोट लागलं. त्यांनी पुन्हा एकदा पाहिलं. मग निकितानं पाहिलं. भाऊबंदांनी आपापल्या घरची नावं पाठवली होती आणि सोमनाथनं ती सगळी न चुकता टॅबमध्ये भरली होती. त्याचं नाव कुणी पाठवलं नव्हतं. त्यानंही नाही.

नानांनी पत्रिका मिटली, चष्मा खिशात ठेवला आणि सख्ख्या पुतण्याकडं पाहिलं.

“असू दे,” ते म्हणाले. “आलाच हायेस तर जेवून जा.”