दमामुक्त वसाहतीचा सत्कार

कुठलाही रोग आधी शब्दांतून जातो, मग शरीरातून, असं वैद्यकाचं सनातन तत्त्व आहे. (ते मीच मांडलंय. शरीराचा भाग अजून सिद्ध व्हायचाय.)

जुळे सोलापुरातल्या आमच्या वसाहतीनं ते मनावर घेतलं. वीस वर्षांपूर्वी इथल्या दर दहा पोरांत दोघांना दमा होता. पुढं त्याला बाळदमा म्हणू लागले, तेव्हा एकालाच उरला. मग ॲलर्जी आली आणि दमा अर्ध्या पोरावर आला. यंदा घरोघरी "हवाच बदललीय" एवढंच म्हणतात, त्यामुळं दमा शून्य. खोकला वाढलाय, पण तो आमच्या दमामुक्ती समितीच्या अखत्यारीत येत नाही.

मोजणी शास्त्रीय असते. अध्यक्ष सिद्धरामअण्णा दारात उभे राहतात आणि तिसऱ्या मजल्यावर ऐकू जाईल अशा आवाजात गोपनीय प्रश्न विचारतात, "घरात कुणा पोराला दमा?" सदस्य म्हणून मी मागं उभा असतो.

एका दारात मायाक्का आजी उसळल्या. "दमा? आमच्यात? सात पिढ्यांत न्हाय! प्रियंकाला नुसती धाप लागती. लई पळती की ती!"

आत आठ वर्षांची नात पलंगावर बसल्या बसल्या पळत होती.

"मग पोरीच्या हातात त्यो श्वासाचा पंप कसला?"

मायाक्कांनी तो पदराखाली घेतला. "कुटं हाय पंप? उद्या पोरीचं लगीन करायचंय, अण्णा."

"निरोगी," अण्णांनी निकाल दिला.

रविवारी दमामुक्तीचा सोहळा झाला. शाल, नारळ आणि आनंदाप्रीत्यर्थ फटाक्यांची लांबलचक माळ. धुरात अध्यक्ष दिसेनात, पण भाषण खोकल्यासकट उत्तम झालं.

धूर जरा विरला, तर पहिल्या रांगेत प्रियंका मान वर करून श्वास ओढतेय. ओठ निळसर. मायाक्कांनी पदर चाचपला. पंप घरी, ज्वारीच्या डब्यात. निरोगी पोरीच्या सत्काराला तो कोण आणणार?

"कुणाकडं हाय का वो... त्ये?" त्या पुटपुटल्या. चारचौघांत नाव घ्यायला जीभ धजेना.

दमा कुणालाच नव्हता.

वाचकहो, तुमचंही घर निरोगीच, ठाऊक आहे. फक्त तुमच्या कपाटात, साड्यांच्या मागं, जो पंप नाहीये, तो तेवढा पळत जाऊन आणा. कुणाचा म्हणून विचारणार नाही.